तसबिरीच्या फ्रेममध्ये दुमडलेली पट्टी: बडोद्यातलं एक जाहिरातीचं प्रकरण

माझी आत्या दांडिया बाजारात राहते. तिच्या देवघरावरच्या भिंतीवर लक्ष्मीची एक मोठी तसबीर आहे. कमळावर उभी, चार हात, बाजूला सोंडेत माळ धरलेला हत्ती, मागे पाणी. जुन्या मराठी घरांत वावरलेल्या कुणालाही एवढं सांगितलं की पुरे. आमच्याकडे या तसबिरीची एक गोष्ट आहे. आत्याचे आजोबा, म्हणजे माझे पणजोबा, सरकारी कामासाठी मुंबईला गेले असताना त्यांनी ही स्वतः निवडली, पगारातले पैसे मोडले, गुंडाळी करून आगगाडीनं जपत आणली. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकतोय. दर लक्ष्मीपूजनाला ती एकदा तरी सांगितली जातेच.

यंदा पावसाळ्यात फ्रेमला वाळवी लागली. चित्र वाचलं, पण मागची फळी आणि खालची लाकडी पट्टी भुसभुशीत झाली. मी तसबीर रावपुऱ्यातल्या फ्रेमवाल्याकडे नेली. त्यानं मागचे बारीक खिळे उपटले, फळी काढली, चित्र हलक्या हातानं उचललं आणि थांबला. चित्राची खालची दोन बोटं रुंदीची पट्टी मागे दुमडलेली होती. त्यानं ती नखानं उघडली.

"भाई, नीचे तो दुकाननुं नाम छे. कापी नाखुं?"

मी त्याचा हात धरला.

पट्टीवर वर गुजराती अक्षरं होती, खाली बाळबोध मराठी. एका कापडवाल्याचं नाव, मांडवीजवळचा पत्ता, आणि एक ओळ: 'रेशमी, सुती व जरीचे कापड एकच भावाने मिळेल.' पट्टीच्या मधोमध डिंकाचा तपकिरी चौकोनी डाग आणि दोन भोकं. गुजरातीत ज्याला डट्टो म्हणतात तो तारखांचा गठ्ठा तिथे चिकटवून ओवलेला असणार. म्हणजे आमच्या देवघरातली लक्ष्मी हे एका दुकानाचं कॅलेंडर होतं. दुकानाचं नाव मी इथे देत नाही. घराणं गावात असेलही.

मी छपाईच्या धंद्यात आहे. वडिलांनी ट्रेडल मशीनवर सुरू केलेला छापखाना मी आता ऑफसेटवर चालवतो, आणि दिवाळीआधीचे दोन महिने आमच्याकडे कॅलेंडरांचीच गर्दी असते. त्यामुळे हा कागद हाती आल्यावर मला तीन प्रश्न पडले. हे चित्र कुणी छापलं? त्याचे पैसे कुणी दिले? आणि ज्यानं दिले त्याला काय मिळालं? हिंदुस्थानात जाहिरात घराघरांत शिरली कशी, याचं बरंचसं उत्तर या एका कागदात आहे असं मला वाटतं.

कागद काय सांगतो

आधी भिंग लावलं. आजच्या ऑफसेट छपाईत ठिपके कवायतीला उभे केल्यासारखे ओळीत असतात. इथे लक्ष्मीच्या गालावर ठिपके होते, पण हातानं टिपलेले: कुठे दाट, कुठे विरळ, खाली पिवळा, त्यावर गुलाबी. हत्तीच्या माळेतला लाल रंग केसभर सरकलेला. आमच्या भाषेत रंग हलला आहे. ही दगडावरची छपाई, म्हणजे शिळाछाप. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूनं रेखायचं, दगड ओला करायचा, मग शाईचा रूळ फिरवायचा. शाई तेलकट जागी चिकटते, ओल्या जागी धरत नाही. यासाठी उत्तम दगड बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या खाणींतून येत. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि एका चित्राला आठ-दहा किंवा जास्तही दगड लागत. वरून वॉर्निश देऊन तैलचित्राची झाक आणली की त्याला ओलिओग्राफ म्हणत. आमच्या चित्रावरच्या वॉर्निशला मधासारखा रंग आला आहे आणि बारीक तडे गेले आहेत.

चित्राच्या अगदी तळाशी बारीक इंग्रजी अक्षरांत छापलं आहे: रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा.

मग मी कागद उलटा केला आणि पाठीवरून बोट फिरवलं. चित्राच्या मागे कागद सपाट लागला. पट्टीच्या मागे मात्र अक्षरांचे उंचवटे बोटाला जाणवले. ती अक्षरं शिशाच्या खिळ्यांची, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांची, दाबून छापलेली. 'भावाने'मधल्या 'भ'चा खिळा कोपऱ्यात तुटका आहे. अशा तुटक्या खिळ्यांची पेटी माझ्या वडिलांकडेही होती.

यातून एक गोष्ट पक्की कळते. चित्र आणि नाव एका वेळी छापलेलं नाही. कार्ल्याजवळ मळवलीला असलेल्या रविवर्मा प्रेसच्या कारखान्यातून चित्र आलं, खाली जागा कोरी ठेवून. दुकानाचं नाव मागाहून एखाद्या छोट्या छापखान्यात चढवलं. आजही आम्ही हेच करतो. देवाची छापील चित्रं गठ्ठ्यानं मागवतो आणि खाली गिऱ्हाइकाचं नाव टाकतो.

राजवाड्यातून मांडवीपर्यंत

हे चित्र बडोद्याच्या घरात असणं मला योगायोग वाटत नाही, कारण या साऱ्याची सुरुवात बऱ्याच अंशी बडोद्यातच झाली.

सयाजीराव महाराजांनी १८८१ च्या अखेरीस कारभार हाती घेतला, त्या सुमारास रविवर्मा बडोद्याला आले. त्यांना इथे आणण्यात दिवाण सर टी. माधवरावांचा हात होता. माधवराव तंजावरकडचे मराठी. त्रावणकोर, इंदूर आणि मग बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी त्यांनी केली, आणि रविवर्म्यांचा हात त्यांनी त्रावणकोरपासून ओळखलेला. पुढे माधवरावांनीच त्यांना पत्र लिहून सुचवलं की तुमची चित्रं हवी असणारे पुष्कळ आहेत, दोन हातांनी ही मागणी पुरी होणार नाही, तेव्हा निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांचे ओलिओग्राफ काढून घ्या. हे पत्र मला फार महत्त्वाचं वाटतं. मागणी आधी आहे, माल कमी पडतोय, हे एका दिवाणानं चित्रकाराच्या आधी ओळखलं होतं.

१८८८ मध्ये महाराजांनी रविवर्म्यांना पुराणांतल्या प्रसंगांची १४ चित्रं सांगितली. नल-दमयंती, अर्जुन-सुभद्रा, विश्वामित्र-मेनका ही त्यांतली. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात रविवर्म्यांनी जिथे काम केलं ती इमारत आजही आहे. चित्रं पुरी झाल्यावर राजवाड्यात जाण्याआधी ती लोकांना बघायला खुली केली गेली, बडोद्यात आणि मुंबईतही. रीघ लागली. त्या चित्रांच्या फोटोंच्या प्रती हजारांनी खपल्या. राजाच्या पैशानं झालेलं चित्र बघायला रस्त्यावरचा माणूस येतो आणि पदरचे पैसे देऊन त्याचा फोटो घरी नेतो, हे तेव्हा पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या प्रमाणावर दिसलं.

रविवर्म्यांनी युरोपात चित्रं पाठवण्याऐवजी जर्मन यंत्रं आणि जर्मन कारागीर इकडे आणले. १८९४ मध्ये गिरगावात छापखाना उघडला, एका व्यापाऱ्याच्या भागीदारीत. 'शकुंतला जन्म' हे तिथे छापलेलं पहिलं चित्र. लक्ष्मी आणि सरस्वती ही दोन्ही चित्रं १८९६ ची. त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला. भागीदार बाहेर पडला, कर्ज वाढलं. १८९९ मध्ये कारखाना मळवलीला हलला, कार्ल्याच्या लेण्यांकडे जाताना स्टेशन लागतं ते. आणि विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला रविवर्म्यांनी तो आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशरला विकून टाकला.

आमच्या तसबिरीवर कार्ला-लोणावळा छापलं आहे, म्हणजे ती १८९९ नंतरची.

पैसे कोण देणार

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण प्रकरणाचा गाभा इथे आहे.

रविवर्म्यांचं चित्र खपत नव्हतं असं नाही. लोक वेडे झाले होते. बायका त्या छापील देवींना खऱ्या जरीचे काठ आणि टिकल्या चिकटवून सजवत. ज्या जातींना देवळात गाभाऱ्यापर्यंत जाऊ देत नव्हते, त्यांच्या घरातही देवाचं दर्शन पोचलं. तरीही छापखाना कर्जात बुडाला. प्लेग, भागीदारीचा मोड ही कारणं आहेतच. माझ्या धंद्याच्या नजरेला आणखी एक दिसतं: गिऱ्हाईक चित्र एकदाच विकत घेतं. लक्ष्मी घरात आली की दुसरी कशाला घेईल? दगड, यंत्रं, कारागिरांचे पगार मात्र दर महिन्याला असतात.

श्लायशरच्या हाती कारखाना गेल्यावर देवांच्या चित्रांबरोबर कॅलेंडरं, लेबलं, जाहिरातीची चित्रं यांचं काम वाढलं. आणि सगळं गणित बदललं. आता चित्राचे पैसे घरधनी देत नाही, दुकानदार देतो. घरधन्याला ते फुकट मिळतं. दुकानदाराला दर दिवाळीला नवी चित्रं लागतात, कारण डट्टो संपतो. म्हणजे मागणी दरवर्षी नव्यानं उगवते. देव तेच, चित्र तेच. फक्त पैसे देणारा माणूस बदलला आणि छापखाना टिकला, पुढे १९७२ च्या आगीत जळून जाईपर्यंत.

दुकानदारांना चित्राची ताकद आधीच ठाऊक होती. मँचेस्टरहून येणाऱ्या कापडाच्या ताग्यावर रंगीत लेबलं असत: हत्ती, वाघ, बाळकृष्ण, राजाराणी. ज्याला अक्षर येत नाही तोही 'तो हत्तीचा दे' असं सांगू शके. आपल्या भाषेत मालाच्या नावाला 'छाप' म्हणतात ते उगीच नाही. विलायतेत १८७५ मध्ये अशा चिन्हांच्या नोंदणीचा कायदा झाला, इकडे १८८९ मध्ये खोट्या छापांविरुद्धचा मर्चंडाइज मार्क्स कायदा आला. कायदा करावा लागला, याचा अर्थ छाप चोरण्याइतकी किमती झाली होती. बडोदा संस्थानात सगळीकडे सक्तीचं प्राथमिक शिक्षण आलं ते १९०६ मध्ये. त्याआधीच्या गिऱ्हाइकांपैकी बहुतेकांपर्यंत पोचायचं तर चित्राला पर्याय नव्हता.

पट्टीवरची 'एकच भाव' ही ओळही साधी नाही. तेव्हा कापड घ्यायचं म्हणजे घासाघीस आलीच. बोलका पुरुष दुकानात गेला तर भाव उतरे; नोकराला, पोराला किंवा संकोची बाईला पाठवलं तर फसगत ठरलेली. एकच भाव म्हणजे कुणालाही पाठवा, त्याच दरानं मिळेल. या दुकानदारानं घरातल्या बाईला, तिच्या देवघरात, हे वचन लिहून दिलं होतं. नेमकं कुणाशी बोलायचं ते त्याला माहीत होतं.

टाकवत नाही

आता जाहिरात म्हणून हे कॅलेंडर कसं चालत होतं ते बघू.

देण्याची वेळ दिवाळीची. गुजरातेत व्यापाऱ्याचं नवं वर्ष कार्तिक शुद्ध प्रतिपदेला सुरू होतं. आदल्या दिवसांत लक्ष्मीपूजन आणि वह्यांची पूजा होते, आणि नव्या वर्षात जुन्या गिऱ्हाइकाच्या हातात काहीतरी ठेवायचं. बडोद्यातल्या मराठी घराचं वर्ष पाडव्याला उजाडतं, कचेरीचं जानेवारीत. तरी दुकानातून येणारं कॅलेंडर दिवाळीचंच. लक्ष्मी टिळा लावायला आली तर कपाळ धुवायला जाऊ नये म्हणतात. अशा दिवशी कुणी लक्ष्मीचं चित्र हातात दिलं तर नको म्हणणं जमतच नाही. आणि दुकानदारही मनापासून देतो. दिवसाच्या पहिल्या विक्रीला आपण भवानी म्हणतो. देवी आणि गल्ला या व्यवहारात वेगळे नाहीत.

घरी आल्यावर ते जातं देवघरापाशी. रोज सकाळी कुणीतरी कालची तारीख फाडतं, रोज संध्याकाळी दिवा लागतो. दोन्ही वेळा डोळे त्या नावावरून जातात. मला दुसरी कुठलीही जुनी जाहिरात माहीत नाही जिला रोज हात लागतो.

आणि वर्ष संपलं की? पत्रिका, हँडबिल, वर्तमानपत्र रद्दीत जातं. देवाचं चित्र रद्दीत टाकवत नाही. बडोद्यात आजही पिंपळाच्या पारावर जुनी कॅलेंडरं, फुटक्या काचेच्या तसबिरी ठेवलेल्या दिसतात, कारण केराच्या टोपलीत घालायला हात होत नाही. ज्यांना पारावरही ठेववत नाही ते फ्रेम करून घेतात. दुकानदारानं पैसे एका वर्षाचे दिले, जागा मिळाली कायमची.

पण फ्रेम करताना नाव जातं. आमच्या धंद्यात हे दुखणं जुनं आहे. तीस वर्षांत कितीतरी व्यापारी मला म्हणाले, देव नको, लोक खालचं कापून टाकतात. काहींनी उपाय काढला: नाव चित्रावरच छापा, मग कापणार कसं? एका गिऱ्हाइकानं माझं न ऐकता देवीच्या पावलांवरून लाल अक्षरांत नाव छापून घेतलं. त्याची कॅलेंडरं मी जानेवारीतच पारावर पाहिली. देवीच्या अंगावर दुकान चढलेलं कुणाला नको होतं. तेव्हापासून मी ते काम घेत नाही. पट्टी वेगळी ठेवायची, ज्याला कापायची त्यानं कापावी. एक वर्ष मान ठेवून राहिलेलं नाव, माझ्या मते, दहा वर्षं डोळ्यांत खुपणाऱ्या नावापेक्षा जास्त गिऱ्हाइकं आणतं.

इथे आमच्या तसबिरीत वेगळं काय झालं? तिची पट्टी कापलेली नाही. जुन्या फ्रेमवाल्याला कापणं सोपं होतं. दुमडल्यानं कागद जाड होतो, काचेखाली नीट बसत नाही. तरी दुमडली, आणि घडी कशी सरळ, नखानं दाबून घातलेली. मला वाटतं घरातल्याच कुणीतरी सांगितलं असेल की देवीच्या चित्राला कात्री लावायची नाही. नाव नकोसं होतं म्हणून मागे गेलं, आणि कागद देवीचा होता म्हणून शाबूत राहिलं.

आत्या

पट्टीचा फोटो मी आत्याला दाखवला. तिचं वय ८४. चष्मा पुसून तिनं आधी गुजराती ओळ वाचली, मग मराठी.

"म्हणजे आजोबांनी मुंबईहून आणली नव्हती?"

मी म्हटलं, "आत्या, दुकानातून मिळाली असणार. कापड घेतलं असेल, त्यांनी दिवाळीला दिली असेल."

"फुकट?"

"फुकट कशी? कापडाचे पैसे दिलेच की."

ती बराच वेळ बोलली नाही. मला वाईट वाटलं. एका कागदानं तिच्या आजोबांचा मुंबईचा प्रवास, पगारातून काढलेले पैसे, आगगाडीतली गुंडाळी, सगळं काढून घेतल्यासारखं झालं. आणि त्याच वेळी माझ्या मनात आलं की त्या कापडवाल्याच्या पदरी याहून मोठं यश पडलं नसतं. त्यानं दिलेली वस्तू घरानं इतकी आपली केली की ती कुणी दिली हेच विसरलं, आणि तिच्याभोवती स्वतःची गोष्ट रचली. दुकानाच्या दृष्टीनं हेच अपयशही. नाव पाठीमागे, आठवण आजोबांच्या नावावर.

फ्रेमवाल्याचा फोन आला: घडी जुनी आहे, परत दुमडली तर तुटेल, कापू, की सरळ ठेवून मोठी फ्रेम करू? मी फोन आत्याकडे दिला. ती त्याच्याशी गुजरातीत बोलली, काच किती मोठी लागेल ते विचारलं, सागवानाचा भाव विचारला, दोनदा खाली आणायला लावला. मग फोन ठेवून माझ्याकडे वळली.

"सरळ ठेव म्हटलं. त्यानं दिली तर त्याचं नाव दिसू दे." मग थोडं थांबून, "पण मुंबईची गोष्ट मी सांगायची ती सांगणार."